चांगली शिक्षा द्या!

बालमित्रांनो, ‘शिक्षा’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? अंगठे धरून उभं राहणं? उठाबशा? ‘मी वर्गात बोलणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा लिहिणं? बघा, नुसतं वाचूनच काहींचे पाय दुखायला लागले असतील!

आता मी सांगते ती गोष्ट ऐका. गोष्ट खरी आहे आणि तिच्यात चूक माझी आहे.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं आणि नोकरी नांदेड जिल्ह्यातली, देगलूर तालुक्यात. नकाशा काढून बघा. देगलूरच्या एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावशी एका गिऱ्हाईकाशी मराठीत बोलतात, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्याशी कानडीत आणि पैशांची घासाघीस चालते ती दखनी उर्दूत! आमच्या वर्गातही तसंच. घरी तेलुगू बोलणारी पाच-सहा मुलं तर दर वर्षी असतातच.

एका वर्षी तिसरीत एक नवी मुलगी आली. आपण तिला मुन्नी म्हणू. तिचे वडील महामार्गाच्या कामावर होते, मूळचे बिहारचे. तिला शाळेत सोडायला आले ते अंगावरची धूळ झटकत. दारातच उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “मैडमजी, हमारी बिटिया को अच्छी शिक्षा दीजिए. बस, और कुछ नहीं चाहिए.”

झालं! सगळा वर्ग आधी गप्प, मग फस्सकन हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हिचे पप्पाच म्हणलेत की हिला शिक्षा द्या म्हणून! ते पण चांगली!” मलाही हसू आलं. मी “गप्प बसा रे” म्हटलं आणि हजेरी घ्यायला लागले. मुलांना काय ते समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

चार-पाच दिवसांनी गणिताचा गृहपाठ दिला आणि सवयीप्रमाणे सांगून टाकलं, “उद्या जो करून आणणार नाही, त्याला शिक्षा मिळेल!” दुसऱ्या दिवशी दोघांनी गृहपाठ केला नव्हता. एक होता आमचा नेहमीचा पाहुणा, तो मान खाली घालून बसला. दुसरी मुन्नी. ती मात्र ताठ बसलेली, चेहरा हसरा. मी विचारलं, “का नाही केलास?” ती नुसती हसली. माझा पारा चढला. “शिक्षा पाहिजे का तुला?”

“जी मैडमजी!” असं खणखणीत उत्तर आलं.

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, पोरगी उद्धट आहे. मी तिला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. जाताना तिने वही आणि पेन्सिल बरोबर घेतली. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. तास संपल्यावर बाहेर गेले तर ती भिंतीला टेकून उभी, हातात वही उघडी, पेन्सिल तयार. डोळे मात्र भरलेले.

पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मजुरांच्या पत्र्याच्या शेडकडे गेले. तिची आई चुलीपाशी होती. ती बिचारी मलाच पाणी देत म्हणाली, “उस दिन बड़ी खुश होकर गई थी. कह रही थी, जिसको सवाल नहीं आते उसको मैडमजी अलग से शिक्षा देंगी.”

आता आलं ना लक्षात? हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! ज्याला गणित आलं नाही त्याला बाई वेगळं शिकवणार, असं त्या पोरीला वाटलं होतं. म्हणून ती वही घेऊन बाहेर गेली. मी येईन आणि शिकवीन म्हणून ती अख्खा तास वाट बघत उभी होती.

पालकांनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मुलांना मारण्याला तर बंदी आहेच, पण मानसिक त्रास देण्यालाही आहे. मी छडी वापरत नाही, म्हणून मी स्वतःला फार चांगली शिक्षिका समजत होते. त्या दिवशी चुलीपुढे बसून मला काही बोलताच येईना. मुन्नी आईच्या मागे लपून माझ्याकडे बघत होती.

घरी आले आणि त्या शब्दाच्या मागेच लागले. शब्दकोश काढला, ओळखीच्या संस्कृतच्या सरांना गाठलं, आमच्या वर्गातल्या तेलुगू मुलांच्या आज्यांनाही सोडलं नाही. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

मूळ शब्द संस्कृत आहे. त्याचा सांधा ‘शक्’ या धातूशी आहे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. शक् म्हणजे एखादी गोष्ट करता येणं. शक्ती, शक्य, सशक्त हे सगळे त्याचेच नातेवाईक. संस्कृतमध्ये एक गंमत आहे. एखादी गोष्ट करायची ‘इच्छा’ दाखवायची असेल तर धातूचं रूपच बदलतं. पिण्याची इच्छा ती पिपासा. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणं, तर जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, आणि ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा! आपण मराठीत आजारी माणसाची शुश्रूषा करतो; मूळ अर्थ ‘ऐकायची इच्छा’. (आजारी आजोबांजवळ बसून त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तर अर्धा आजार जातो, हे तुम्ही पाहिलंच असेल.) तशीच शिक्षा. मला हे करता यावं, अशी इच्छा ती शिक्षा. म्हणजे मुन्नीने जे मागितलं ते अगदी मुळाबरहुकूम!

वेदांची सहा अंगं सांगतात, त्यातलं पहिलंच अंग ‘शिक्षा’. त्यात उठाबशा नाहीत. वेद म्हणताना अक्षरांचा उच्चार कसा करायचा, स्वर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, हे त्यात आहे. पाठशाळेतला पोरगा ‘शिक्षा’ शिकायचा म्हणजे उच्चार शिकायचा.

हाच शब्द पाली भाषेत ‘सिक्खा’ झाला. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पंचशील म्हटलं जातं, त्यांनी आठवून बघा. ‘सिक्खापदं’ हा शब्द त्यात पाच वेळा येतो. सिक्खापद म्हणजे शिक्षापद. स्वतःला वळण लावण्यासाठी आपणहून स्वीकारलेला नियम. तिथेही ‘शिक्षा’ म्हणजे मार नाही. आणि प्राकृतातल्या ‘सिक्खइ’वरून आपलं साधं, रोजचं ‘शिकणं’ आलं. तेव्हा शिकणं आणि शिक्षा ही एकाच घरातली भावंडं, एक अंगणात खेळतं, दुसऱ्याला बघून सगळे पळतात.

नांदेडला सचखंड गुरुद्वारात तुम्ही गेला असाल. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी आपले अखेरचे दिवस नांदेडला काढले आणि यापुढे ग्रंथसाहिब हेच गुरू, असं सांगितलं. ज्यांचा गुरू असा ग्रंथ, ते लोक ‘शीख’. पंजाबीत ‘सिख’ म्हणजे शिष्य, शिकणारा. गोदावरीच्या काठी देशभरातून येणारे ते भाविक स्वतःला नावानेच ‘विद्यार्थी’ म्हणवतात, हे मला डी.एड.ला असताना पहिल्यांदा कळलं आणि फार आवडलं. मग मी ‘शिष्य’ शब्द शोधला, तर तो निघाला ‘शास्’ या धातूतून. शास् म्हणजे शिकवणंही आणि वळणावर आणणंही. त्याच्यातूनच शास्त्र, शासन आणि... शास्ती! शास्ती कुठे असते ते बाबांना विचारा. घरपट्टी वेळेवर भरली नाही की नोटिशीवर छापून येते.

मग आपल्याकडेच शिक्षेचा अर्थ असा कडू कसा झाला? आणि फक्त आपल्याकडेच झाला का?

मुळीच नाही! देगलूरहून एसटीत बसा आणि पूर्वेला तेलंगणात उतरा. तिथेही शिक्ष म्हणजे आपल्यासारखीच शिक्षा. शिकवण्याला, तयारी करून घेण्याला ते ‘शिक्षण’ म्हणतात. गुन्ह्यांच्या कायद्याला आपण दंड संहिता म्हणत होतो, त्याला तेलुगूत नाव होतं ‘शिक्षास्मृति’. हिंदी माणसाने ते पुस्तक शाळेचं म्हणून घरी नेलं तर बघायला नको! (तो कायदा १ जुलै २०२४ ला गेला, त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली.) आता उदगीरहून बीदरकडे जा. कानडीत ‘शिक्षे’ म्हणजे शिक्षा आणि ‘शिक्षण’ म्हणजे शिक्षण, डिट्टो आपल्यासारखं. खाली केरळात मल्याळममध्येही शिक्षा म्हणजे दंडच. गुजरातीतही शाळेतलं ते शिक्षण आणि शिक्षा म्हटलं की बहुतेक वेळा दंड. पण नांदेडहून उत्तरेकडच्या गाडीत बसा, हिंदी मुलखात शिक्षा म्हणजे विद्या. बंगालीत, ओडियात, पार नेपाळीतही तेच. नकाशावर जणू एक रेघ आहे. रेघेच्या खाली शिक्षा म्हटलं की पोरं पळतात, वर शिक्षा म्हटलं की पोरं दप्तर भरतात. आणि आपली मराठी या बाबतीत दक्षिणेच्या बाजूला उभी आहे.

या रेघेवर आम्हीही लहानपणी आपटलो होतो. २००१ साली केंद्र सरकारची एक मोठी योजना सुरू झाली, सर्व शिक्षा अभियान. पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं हे तिचं चित्र. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलं तेव्हा आम्ही मुली ते वाचून गडबडा लोळलो होतो. सर्वांना शिक्षा! कोणीच सुटणार नाही! खाली मराठीत लिहिलेलं होतं, ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’. वर शिक्षा आणि खाली शिकूया. दोन्ही एकच आहे हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पुढे मुन्नीला बाहेर उभं राहावं लागलं नसतं, असं आता वाटतं. २०१८ पासून ती योजना ‘समग्र शिक्षा’त गेली. नाव बदललं, हसू तेच!

अर्थ का बदलला, हे ओळखायला तुम्हाला पंडित व्हायची गरज नाही. तुमच्या भांडणातले शब्द आठवा. “थांब, तुला चांगलाच धडा शिकवतो!” तिथे कुठला धडा असतो? मराठीचा की भूगोलाचा? उर्दूतही ‘सबक’ म्हणजे पाठ, पण ‘सबक सिखाना’ म्हणजे रट्टे. एक माणूस शिकवतो, दुसरा शिकत नाही, मग पहिला हात उगारतो. हे इतक्या शाळांत, इतक्या वर्षं झालं की शब्दालाच त्या हाताची सवय लागली.

साहेबाच्या भाषेतही हेच घडलंय बरं का. लॅटिनमध्ये ‘डिसिप्युलस’ म्हणजे विद्यार्थी आणि ‘डिसिप्लिना’ म्हणजे त्याला मिळणारं शिक्षण. त्याचंच इंग्रजीत ‘डिसिप्लिन’ झालं. तो शब्द एकीकडे विद्याशाखेला वापरतात आणि दुसरीकडे शिस्तीला, दंडाला. युरोपातल्या मठांमध्ये साधू पश्चात्ताप म्हणून स्वतःला ज्या चाबकाने मारून घेत, त्या चाबकालाही डिसिप्लिनच म्हणायचे! आमचा शिस्त शब्द मात्र वेगळ्या गावचा. तो फारसीतून आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ होता बंदुकीचा नेम.

पण सगळेच शब्द असे घाबरवणारे नाहीत. ‘स्कूल’ घ्या. तो ग्रीक भाषेतल्या ‘स्खोले’ शब्दावरून आला. त्याचा अर्थ ठाऊक आहे? फुरसत! मोकळा वेळ! पोटामागे धावायचं नसेल तेव्हा माणसं बसून बोलत, वाद घालत, विचार करत, ती शाळा. आणि रोमन लोक मुलांच्या शाळेला ‘लुडुस’ म्हणत. लुडुस म्हणजे खेळ. आईला हे लगेच सांगू नका, नाहीतर माझ्या नावाने पत्रं येतील.

युरोपातलाच आणखी एक शब्द सांगते, कारण तो आपल्या शिक्षेहूनही खट्याळ आहे. रशियन भाषेत ‘उरोक’ म्हणजे शाळेतला धडा. शेजारच्या पोलंडमध्ये ‘उरोक’ म्हणजे मोहिनी, आणि कुणी कुणावर ‘उरोक’ टाकला म्हणजे दृष्ट लागली, करणी झाली. त्याच्या शेजारच्या चेक भाषेत ‘ऊरोक’ म्हणजे बँकेचं व्याज! तीन शेजारी देश, शब्द एक. मुळात तो ‘बोलून ठरवलेलं’ अशा अर्थाचा होता. गुरुजींनी नेमून दिलं ते काम धडा झालं, सावकाराशी ठरवलं ते व्याज झालं आणि तोंडातून शब्द टाकून घातली ती मोहिनी. रशियन मुलगा पोलंडमध्ये जाऊन म्हणाला की मला रोज सहा उरोक असतात, तर तिथल्या आज्या मीठमिरच्याच शोधतील. हो, आज्या सगळीकडे सारख्याच.

इतकं लांब कशाला? आमच्या वर्गातच बघा ना. एक मुलगा आजीबरोबर शाळेत आला. आजी तेलुगू. मला बघून त्याला म्हणाली, “मॅडंकु दंडं पेट्टु.” पोरं लगेच कुजबुजली, याला दंड होणार! पण तेलुगूत ‘दंडं’ म्हणजे नमस्कार. आपल्या दंडवतातला तोच दंड. काठीसारखं आडवं होऊन घालायचा नमस्कार. मराठीत दंड भरावा लागतो, दंड थोपटता येतात, सकाळी उठून दंड काढता येतात आणि तेलुगूत ‘दंड’ म्हटलं तर गळ्यात घालायचा हार! त्याच तेलुगूत शाळेला ‘बडि’ म्हणतात आणि मास्तरांना ‘पंतुलु’. पंतोजी आठवले की नाही? बडि ऐकून आमच्या पोरांना बडवणंच आठवतं, त्याला कोण काय करणार!

आणि तालीम? माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्याआधी आपल्याकडे वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावं लागे. आजोबा म्हणायचे, “माझी तालीम चौथी जमातपर्यंत झाली.” मी लहानपणी सगळ्यांना अभिमानाने सांगायची की आमचे आजोबा चार वर्षं आखाड्यात कुस्ती खेळलेत! अंगाने ते काडी होते, तरी मला शंका आली नाही. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘मालूम’ म्हणजे ठाऊक, ते सगळे एकाच मुळाचे. उर्दूने तालीम शाळेत ठेवली, मराठीने तिला लाल मातीत नेली. नाटकवाल्यांनी तर ‘रंगीत तालीम’ करून रंगमंचावरही चढवली. ज्ञानाच्या शब्दाला आपण घाम फुटेपर्यंत राबवलं, आणि यात मला काही वाईट दिसत नाही. शिक्षेचं केलं तसं तरी केलं नाही.

तर मुन्नी. तिच्या आईला मी सांगितलं, चूक माझी होती. मुन्नीलाही सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. तिला किती कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती आली. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शिक्षा’ लिहिलं आणि सगळ्या वर्गापुढे परवाची हकीकत सांगितली, वहीची आणि पेन्सिलीची सुद्धा. या वेळी कोणी हसलं नाही. मग प्रत्येकाने आपापल्या घरचा अर्थ सांगितला. नेहमीचा पाहुणा उठून म्हणाला, “बाई, मग मला पण हिंदीतलीच द्या.” त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास दोघांना गणित शिकवायला मी थांबू लागले. पुढे त्या अर्ध्या तासाला मुलांनी नावच ठेवलं, ‘हिंदी शिक्षा’. तिला बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली, कारण मधल्या वेळेत मुन्नी बिहारची गाणी म्हणायची.

दिवाळीनंतर रस्त्याचं काम पुढे सरकलं, तसं ते बिऱ्हाडही पुढे गेलं. शेवटच्या दिवशी तिचे वडील दाखला न्यायला आले. पुन्हा तसेच दारात उभे, हात जोडलेले. “मैडमजी, आपने इसको बहुत शिक्षा दी.” लगेच चार-पाच मुलं ओरडली, “शिक्षा नाही ओ काका, शिक्षण! शिक्षण दिलं!” मुन्नीने मागे वळून बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “दोन्ही दिलं.”

आता तुमचं काम. ‘चेष्टा’ आणि ‘यंत्रणा’ हे दोन शब्द आधी मराठीत काय, मग हिंदीत काय, ते शोधून काढा. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंना विचारा, पण “तुमच्याकडे कोणती यंत्रणा आहे?” असं आधीच विचारू नका! ज्यांच्या घरी किंवा गल्लीत तेलुगू, कानडी, उर्दू, बंजारा बोली बोलतात, त्यांनी तिथे सापडलेला असा एखादा दुतोंडी शब्द पोस्टकार्डावर लिहून पाठवा. शब्द कोणी सांगितला, आजीने की दुकानदाराने, तेही लिहा. अक्षर सुवाच्य हवं. नसेल तर... शिक्षा! मराठीतली की हिंदीतली, ते तुम्हीच कळवा.